कऱ्हाड सापडेना! सॉफ्टवेअरच्या तक्रारींची प्रतवारी कशी होते

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. सौद्यांच्या हंगामात ते दिवसा कुणाला फोन करत नाहीत. त्यामुळे मार्चमधल्या एका भर दुपारी त्यांचं नाव मोबाइलवर दिसलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. उचलला तर पलीकडून थेट प्रश्न : "तू सॉफ्टवेअरचं बघतीस न्हवं? मग मला सांग, कऱ्हाड गेलं कुठं?"

झालं होतं असं. दुकानाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवाणजींनी 'कऱ्हाड' टाइप करून शोधलं, तर तिकडच्या जुन्या शेतकऱ्यांची खाती येईनात. मामांनी तिथूनच तक्रार नोंदवली : "कऱ्हाड दिसत नाही. लवकर दुरुस्त करा." नऊ दिवसांनी उत्तर आलं : "प्रकार : किरकोळ. आमच्याकडे व्यवस्थित चालत आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे."

मामांना खाती न दिसल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग 'किरकोळ' या शब्दाचा होता.

असा अनुभव आता घरोघरी आहे. बँकेचं ॲप, रेशन दुकानातलं यंत्र, वीजबिल, मुलांच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज, कुठे ना कुठे काहीतरी अडतं. आपण तक्रार करतो आणि ती विहिरीत दगड टाकल्यासारखी गडप होते, किंवा 'बंद' असा शिक्का घेऊन परत येते. मधल्या काळात तिचं काय होतं? ही किरकोळ, ती गंभीर, हे ठरवतं कोण? मामांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांशी माझा काही संबंध नाही, पण विश्रामबागेतल्या घरात बसून दुसऱ्या एका प्रकल्पासाठी मी रोज हेच काम करते. आलेल्या तक्रारी वाचायच्या, त्यांची प्रतवारी लावायची आणि कुठली आधी हातात घ्यायची यावरून सहकाऱ्यांशी वाद घालायचा. फोनवर मामांना जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे सावकाश मांडते.

पतंग आणि नोंदवही

सॉफ्टवेअरने जे करायला हवं ते सोडून दुसरंच काही केलं, तर त्या चुकीला 'बग' म्हणतात. शब्दाचा अर्थ किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या खोलीभर पसरलेल्या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिलीच घटना, असं शेजारी लिहून ठेवलं. शब्द त्याहून जुना आहे. यंत्रातल्या दोषांसाठी एडिसनने तो १८७८ मध्येच वापरला होता.

ही गोष्ट सांगताना लोक पतंगाबद्दल बोलतात. मला त्या नोंदवहीचं कौतुक वाटतं. तिच्यात वेळ आहे, दुपारी ३ वाजून ४५ मिनिटं. जागा आहे, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. काय सापडलं तेही आहे. एका ओळीत सगळं. अशा नोंदीलाच 'बग रिपोर्ट' म्हणतात. मी इथे तिला तक्रार म्हणेन, कारण आपल्याकडे लोक तेच म्हणतात.

मोठ्या प्रकल्पात अशा तक्रारींचा पूर येतो. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने १९९८ मध्ये 'बगझिला' नावाची तक्रार-नोंदवही सुरू केली. तिच्यातले क्रमांक केव्हाच १८ लाखांच्या पुढे गेले आहेत. सगळ्या एकाच वेळी हातात घेता येत नाहीत, म्हणून त्या निवडाव्या लागतात.

मिरजेच्या दवाखान्यातली पहिली खोली

सांगलीकरांना हे समजावायला मिरज पुरेसं आहे. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं मिरजेला उपचारांसाठी येतात. कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात रात्री अकराला जाऊन बसा. एकाचं बोट कापलंय, रक्त गळतंय, तो आरडाओरडा करतोय. एक आजोबा गप्प बसलेत, घाम फुटलाय, डावा हात दुखतोय म्हणतात. एका पोराला तीन दिवस ताप आहे. अनुभवी सिस्टर आधी आजोबांना आत घेते. बोटवाल्याला वाईट वाटतं, पण तिचं बरोबर असतं. तिने अजून कुणाला बरं केलेलं नाही, फक्त क्रम लावला आहे, आणि आजोबांचा जीव त्या क्रमावर अवलंबून आहे.

याला 'ट्रायाज' म्हणतात. 'निवडणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दॉमिनिक लारे याने रणांगणावर अशी रीत बसवली की जखम किती खोल ते बघायचं, खांद्यावरचा हुद्दा बघायचा नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी शब्द तिथूनच उचलला. मी त्याला छाननी म्हणते. लारेची ती हुद्द्याची अट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीव्रता वेगळी, अग्रक्रम वेगळा

या सगळ्या कामातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल, ती ही. प्रत्येक तक्रारीला दोन वेगवेगळी मापं लावतात. चूक घडली तर नुकसान किती, हे पहिलं माप. त्याला तीव्रता म्हणू. ती कधी हातात घ्यायची, हे दुसरं. त्याला अग्रक्रम म्हणू. तीव्रता चुकीच्या अंगातच असते. अग्रक्रम माणसं ठरवतात, हातातला वेळ, माणूसबळ आणि तारीख बघून.

घरात लग्न आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तडा गेलाय आणि मांडवाच्या दारावरच्या फलकात नवरीचं नाव चुकलंय. टाकीचा तडा केव्हाही जास्त गंभीर. पण दहा वाजता वऱ्हाड येणार आहे, तर आधी माणूस कुठे पाठवाल? फलकाकडे. टाकी उद्या. कुणी तुम्हाला वेडं म्हणणार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये असंच घडतं. वर्षअखेरीचा ताळेबंद चुकवणारी चूक एप्रिलमध्ये सापडली, तर तिची तीव्रता वरची, पण हातात अकरा महिने असतात. फेब्रुवारीत तीच चूक सगळ्यांच्या डोक्यावर बसते. याचं जगभरचं उदाहरण म्हणजे २०३८ सालचा प्रश्न. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की तो आकडा भरतो आणि पुढच्या सेकंदाला तारीख थेट १९०१ मध्ये उलटते. तीव्रता भयंकर. तरी आज रात्री जागून करण्याचं काम आहे का? ज्याच्या सॉफ्टवेअरला इतक्या पुढच्या तारखा लागत नाहीत, त्याला नसेल. पण २० वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता मांडणाऱ्याला २०३८ च्या पलीकडच्या तारखा आजच लागतात. चूक तीच, अग्रक्रम वेगळा.

उलटं उदाहरण इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचं. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की काही ठरावीक भागाकारांत हा प्रोसेसर चुकतो. इंटेलने सांगितलं की सामान्य वापरात ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल. हिशोब मांडून काढलेलं उत्तर होतं ते. पण भागाकार चुकवणाऱ्या प्रोसेसरवर विश्वास कोण ठेवणार? त्याच डिसेंबरात कंपनीला मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यावा लागला आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडावा लागला. नुकसान किती वेळा होतं याइतकंच, झालं की काय मोडतं हेही मोजावं लागतं. तिथे भरवसा मोडला होता.

मापं किती पायऱ्यांची, हे प्रत्येक प्रकल्प आपापलं ठरवतो. मोझिलात तीव्रतेच्या चार पायऱ्या आहेत आणि अग्रक्रमाच्या पाच. डेबियन या स्वयंसेवकांनी उभारलेल्या संगणक प्रणालीत तीव्रतेच्याच सात आहेत. सगळ्यात वर 'क्रिटिकल', म्हणजे माहिती नष्ट होते किंवा दुसऱ्याच कुठल्या गोष्टी बंद पडतात. सगळ्यात खाली 'विशलिस्ट', म्हणजे ही चूकच नाही, एक मागणी आहे. "पट्टीवर (शेतकऱ्याला देतो त्या हिशोबाच्या कागदावर) दुकानाचं बोधचिन्ह छापता यावं" अशी तक्रार आली तर ती तिथे जाते. मागणी रास्त असते, पण ती बगच्या रांगेत उभी राहिली तर खरा बग मागे पडतो.

आयर्विन पुलाखालची पट्टी

तीव्रतेच्या पायऱ्या आधीच का ठरवून ठेवायच्या, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागू नये. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी मोजायच्या पट्टीवर पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. हे आकडे कोरड्या दिवसांत ठरलेले आहेत. रात्री दोन वाजता पाणी दारात येताना "हे जास्त की कमी?" यावर चर्चा करत बसावं लागत नाही. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, किती फूट झालं?

डेबियनमध्येही असाच धोक्याचा खूण-दगड आहे. वरच्या तीन पायऱ्यांतल्या चुका 'प्रकाशन अडवणाऱ्या' मानतात. त्यांचा निकाल लागेपर्यंत नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. एकतर चूक दुरुस्त करायची, नाहीतर तो चुकीचा भागच आवृत्तीतून काढून टाकायचा. घाईच्या दिवशी माणसाचं मन "चालतंय की, जाऊ दे" म्हणतं. पट्टीवरच्या रेघेला मन नसतं, म्हणून ती उपयोगी पडते.

छाननीच्या टेबलावर काय विचारतात

तक्रार आली की पहिला प्रश्न : ही आधी कुणी केली आहे का? एकाच चुकीच्या पन्नास तक्रारी येतात, प्रत्येकाच्या शब्दांत. त्या एकत्र बांधायच्या. तुमची तक्रार 'डुप्लिकेट' म्हणून बंद झाली तर तिला केराची टोपली मिळाली असं समजू नका. ती मूळ तक्रारीला जोडली गेली आणि त्या तक्रारीचं वजन वाढलं.

मग, हे आधी चालत होतं का? कालपर्यंत चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल तर तिला पुढचा नंबर. लोकांनी त्या गोष्टीवर आपलं काम आधीच बेतलेलं असतं, शिवाय कारण शोधणंही सोपं जातं, कारण मधल्या काळात काय काय बदललं तेवढंच तपासायचं असतं.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न : ही चूक आमच्यासमोर घडवून दाखवता येते का? गाडी गॅरेजमध्ये नेली की नेमका आवाज येत नाही, तसं इथे रोज होतं. मेकॅनिक म्हणतो, "मला तर काही ऐकू येईना." बगझिलात यासाठी एक शिक्काच आहे, 'वर्क्स फॉर मी', माझ्याकडे चालतंय. मामांच्या तक्रारीवर बसला तो हाच.

आता कऱ्हाडचं कोडं. संगणक अक्षराचं चित्र साठवत नाही, प्रत्येक अक्षराचा आकडा साठवतो. 'कऱ्हाड'मधला तो आडवा, पापणीच्या केसासारखा अर्धा र दोन पद्धतींनी साठवता येतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर घेतात आणि त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या पद्धतीत साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि पुढे एक डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. आकडे मात्र वेगळे, म्हणून शोधणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी गावं वाटतात. मामांची जुनी खाती जुन्या संगणकावर एका कीबोर्डने भरलेली, दिवाणजी आता शोधतात ते दुसऱ्याने. कंपनीतल्या तपासणाऱ्याने बहुधा गाव नव्याने भरलं, त्याच कीबोर्डने शोधलं आणि ते सापडलं. तो खोटं बोलला नाही. त्याच्याकडे खरंच चालत होतं.

'किरकोळ' का ठरलं तेही यातून कळतं. मराठी नसलेल्या माणसाला हा शुद्धलेखनाचा बारीकसा फरक वाटतो. हिंदीत हा र लागत नाही. आपल्याला मात्र दऱ्या आणि दर्या वेगळे लागतात. एक सह्याद्रीत आहे, दुसरा रत्नागिरीला. आचाऱ्यांना शिधा द्यायचा असतो, आचार्यांना दक्षिणा. आणि मामांच्या दुकानात तर गोष्ट अक्षरावर थांबलीच नव्हती. जुनं खातं दिसेना म्हणून दिवाणजींनी एका शेतकऱ्याचं नवं खातं उघडलं. त्याची ४०,००० रुपयांची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, जुन्या खात्यात राहिली आणि पट्टी करताना वळती झालीच नाही. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी स्वतः दुकानात आला आणि म्हणाला, "मालक, माझी उचल कापायची राहिली बघा." प्रत्येक वेळी असा माणूस भेटेल यावर हिशोबाचं सॉफ्टवेअर चालवता येत नाही. पैशाचा हिशोब चुकवणारी चूक कुठल्याही प्रकल्पात वरच्या पायरीवर असते. ती खालच्या पायरीवर गेली, कारण तक्रारीत पैशाचा उल्लेखच नव्हता. होतं ते फक्त "कऱ्हाड दिसत नाही".

"म्हणजे जो जास्त ओरडतो त्याचंच ऐकतात?"

हा आक्षेप मामांचा आणि तो खोटा नाही. मोठं गिऱ्हाईक, इंग्रजीत लिहिणारा, समाजमाध्यमांवर हजारो लोक पाठीशी असलेला, यांची तक्रार पटकन वर जाते. लारेची हुद्द्याची अट इथेच मोडते. चांगल्या छाननीत तक्रार कुणाची हे बाजूला ठेवून ती किती जणांना आणि किती खोल लागते ते बघतात. बघतातच असं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

न ऐकल्याचं काय होतं, याचं सगळ्यात दुखरं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून 'होरायझन' नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवलं. ते फुजित्सूकडून आलं होतं. गावोगावचे उप-पोस्टमास्तर सांगू लागले की आमच्या हिशोबात नसलेली तूट दिसते. अनेकांनी पुढे सांगितलं की मदतकेंद्राला फोन केल्यावर "अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे" असं उत्तर मिळालं. खरं तर तूट देशभर ठिकठिकाणी दिसत होती. तक्रारी एकत्र बांधल्याच गेल्या नाहीत. सॉफ्टवेअर बरोबर आणि माणूस चोर, असं गृहीत धरलं गेलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरं गहाण टाकून ती न झालेली तूट भरली. ॲलन बेट्स या माजी उप-पोस्टमास्तरांनी लढा उभारला आणि ५५५ जण एकत्र न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलं की सॉफ्टवेअरमध्ये बग होते आणि त्यांच्यामुळे हिशोब बिघडू शकत होता. २०२४ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या.

फुजित्सूकडे ज्ञात चुकांची नोंदवही होती, हे त्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतं. चूक लिहिलेली होती. ती लिहिणारा, तक्रार ऐकणारा आणि खटला भरणारा यांच्यात धागा नव्हता. माझ्या टेबलावर "फक्त यांनाच अडचण येते" असं वाक्य आलं की मी आता थांबते आणि आधी शोधते, खरंच फक्त यांनाच का?

"सगळ्याच चुका दुरुस्त का करत नाहीत?"

कारण प्रत्येक दुरुस्ती हीसुद्धा एक नवी चूक घडण्याची शक्यता असते. जुन्या वाड्यातली एक तुळई बदलायला गेलं की माळवदाची माती खाली येते, तसं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडे विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. ते अपडेट तर संरक्षणासाठीच पाठवलेलं होतं. म्हणून दहा जणांना वर्षातून एकदा दिसणारी, सोपा वळसा, म्हणजे काम भागवायची दुसरी वाट, असलेली चूक कधीकधी मुद्दाम तशीच ठेवतात. तिचा शिक्का 'वोन्ट फिक्स', दुरुस्त करणार नाही. मला त्या शिक्क्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्यासोबत कारण आणि वळसा लिहायला हवा. दवाखान्यात "घरी जा" म्हणताना गोळी तरी देतात.

"मग गुण देऊन टाका, वाद कशाला?"

सुरक्षेच्या चुकांना गुण देतातच. चोराला उघडं दार सापडेल अशा चुकांना ० ते १० अशी जगभर चालणारी मोजपट्टी आहे. ९ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की अतिगंभीर. या तक्रारी दुरुस्ती तयार होईपर्यंत गुप्त ठेवतात, कारण दाराला कडी बसण्याआधी ते उघडं आहे हे गावभर सांगायचं नसतं. पण मोजपट्टीही फसते. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' ही चूक उघड झाली. ज्या कुलपाच्या भरवशावर जगातल्या असंख्य वेबसाइट पासवर्ड आणि व्यवहार सुरक्षित ठेवत होत्या, त्यातूनच माहिती गळत होती. तेव्हाच्या नियमांनुसार तिला गुण मिळाले ५.०, म्हणजे मध्यम. चुकीने सर्व्हरच्या स्मृतीतला थोडासाच भाग दिसतो, म्हणून हिशोबात ती अर्धीच बसली. त्या थोड्या भागात किल्ल्या होत्या, हे गुणांना कळत नव्हतं.

यंत्रांबद्दलही हेच. मोझिलाने 'बगबग' नावाचं साधन बनवलं आहे. आलेली नोंद खरोखर बग आहे की मागणी, आणि ती फायरफॉक्सच्या कुठल्या भागाची, याचा अंदाज ते जुन्या नोंदींवरून बांधतं. ढीग वेगळे करायला अशी मदत मला हवीच असते. पण जुन्या नोंदींवरून शिकलेलं यंत्र जुन्या सवयीही शिकतं. मराठी अक्षरांच्या तक्रारी आजवर 'किरकोळ'मध्ये टाकल्या गेल्या असतील तर ते पुढचीही तिथेच टाकेल. दुसऱ्या बाजूने एआयने रचलेल्या, दिसायला नीटनेटक्या पण आत काही नसलेल्या तक्रारी आता छाननी करणाऱ्यांच्या अंगावर येत आहेत. इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करणारं 'कर्ल' हे साधन जगभर वापरलं जातं. त्याचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग याबद्दल जाहीरपणे बोलले आहेत. खोट्या तक्रारीत गेलेला प्रत्येक तास खऱ्या तक्रारीच्या वाट्याचा असतो.

तुमची तक्रार वर कशी जाईल

सौद्यात हळद लावताना मामा पोतं झाकून ठेवत नाहीत. हळकुंड मोडून आतला रंग दाखवतात. तक्रारीचंही तसंच करा. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ही तीन वाक्यं वेगवेगळी लिहा. कुठल्या फोनवर किंवा संगणकावर, कधीपासून, हे सांगा. पडद्याचा फोटो जोडा, पण त्यात खाते क्रमांक दिसणार नाही हे बघा. एका तक्रारीत एकच चूक. आणि नुकसान स्पष्ट लिहा. पैसे चुकले, काम थांबलं, माणूस परत गेला, जे घडलं ते. छाननी करणाऱ्याला तुमचं दुकान दिसत नाही. त्याला फक्त तुमच्या ओळी दिसतात. "लवकर दुरुस्त करा" याने काहीच कळत नाही, कारण तसं सगळेच लिहितात.

आणि तक्रार बंद झाली तर ती पुन्हा उघडायला सांगता येते. नवी माहिती द्यायची, एवढंच. लोक तिथेच नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या रविवारी मी यार्डात गेले. दिवाणजींनी दोन्ही संगणक शेजारी शेजारी लावून तेच गाव दोन्हीकडे टाइप करून दाखवलं. एकावर तीन खाती, दुसऱ्यावर शून्य. त्याचा व्हिडिओ काढला, उचलीची गोष्ट दोन ओळींत लिहिली आणि जुनीच तक्रार पुन्हा उघडायला सांगितली. दोन दिवसांत 'किरकोळ' पुसलं जाऊन 'गंभीर' झालं, आणि पलीकडून विचारणा आली की 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' ही आडनावंही शोधून बघाल का. तीही सापडत नव्हती. दुरुस्ती यायला पुढे तीन आठवडे लागले.

आता दिवाणजींच्या गल्ल्याशेजारी एक लाल वही असते. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : "१४ मार्च, सकाळी ११:२०, दुसरा संगणक, गाव कऱ्हाड, तीन खाती दिसली नाहीत."